शिट्टी बंद, हूक बंद

मी शिट्टी. मी बोलतेय असं म्हणायची पद्धत आहे, पण खोटं कशाला सांगू, आपणहून मी कधीच बोलले नाही. कुणीतरी ओठांत धरायचं, फुंकर घालायची, की मग माझा आवाज. श्वास दुसऱ्याचा आणि नाव माझं. आज कुणाची फुंकर नसताना बोलतेय, कारण एक गोष्ट फार दिवस पोटात अडकून बसली आहे. तसा माझ्या पोटात बुचाचा एक मणी जन्मापासून अडकलेला आहेच. त्याच्या शेजारी ही दुसरी.

मी पितळेची. वरून पांढरा मुलामा होता, तो तोंडाशी झिजून आतलं पिवळं दिसायला लागलंय. एका लांबट शेडमध्ये पत्रा कापून, वाकवून, जोडून मला केलं, मणी आत टाकला आणि कड दाबून टाकली. मग एका बाईनं मला फुंकून बघितलं. दिवसाला दोन-तीनशे शिट्ट्या फुंकायचं तिचं काम, संध्याकाळी तिला घेरी यायची. माझा आवाज ऐकून तिनं कान चोळला आणि शेजारणीला म्हणाली, "ही भांडकुदळ निघणार बघ." तेवढ्यावर माझी रवानगी चांगल्या मालाच्या खोक्यात झाली. स्वभाव तेव्हापासून तसाच आहे, हे तुमच्या लक्षात येईलच.

माझं नाव तुम्ही दिवसातून दहा वेळा घेता, पण त्यात मी थोडीच असते. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी होते. ती स्वतःला माझी बहीण म्हणवते, पण तिला नुसतं मोजतात, ती काय म्हणते ते कुणी ऐकत नाही. रस्त्यावर टवाळ पोरं तोंडात बोटं घालून शिट्टी मारतात, त्यांचं तर नावच काढू नका. मजेत असलेला माणूस दाढी करताना शीळ घालतो, ती आमच्यातली श्रीमंत नातलग, तिला सूर आहे, मला नाही. मैदानावर पंच शिट्टी वाजवतो आणि निम्मे लोक त्याचा उद्धार करतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. शिट्टी वाजली म्हणजे काहीतरी झालं, असं माणसं धरून चालतात. वाजली की माना वळतात, नाही वाजली की सगळं आलबेल. माझं काम नेमकं याच्या उलट होतं, आणि सगळी गोम तिथेच आहे.

मी गेले ती लोखंडाच्या यार्डात. तुळया, नळ, पत्रे, सगळ्याचे माणसाच्या दुप्पट उंचीचे ढीग, आणि त्यांच्यावरून फिरणारी क्रेन. क्रेनच्या केबिनमध्ये चाळीस फुटांवर बसणारा तो वरचा. ढिगांच्या मध्ये उभा राहून, ओझं कुठे टेकवायचं ते बघणारा तो खालचा. यार्डात सगळे त्यांना याच नावांनी हाक मारत, पगाराच्या दिवशीसुद्धा. "वरच्याच्या मनात असेल तसं होईल," असं हमाल हात जोडून म्हणायचे आणि मग हसायचे. खालचा त्याला म्हणायचा, "तुझं बरंय बाबा, उंटावरून शेळ्या हाकायच्या." मी खालच्याच्या गळ्यात होते. तो माझा माणूस.

वरच्याला ढिगांच्या पलीकडचं काही दिसत नसे. त्याला फक्त मी ऐकू यायची. ओझं उचलायचं असलं की भराभर, उतरवायचं असलं की सावकाश, पण ओझं हलतंय तोवर मी वाजत राहायचं. तुक, तुक, तुक. मी थांबले की वरच्यानं त्याच क्षणी दांडा सोडायचा. का थांबली, हे विचारायचं नाही, अंदाज बांधायचे नाहीत. शिट्टी चालू, तर हूक चालू. शिट्टी बंद, हूक बंद.

नव्या हमालांना हे विचित्र वाटायचं. धोका असेल तेव्हा वाजवा की, उगाच दिवसभर कशाला दम घालवायचा, असं एकानं विचारलंही होतं. खालचा त्याला म्हणाला, "ज्याच्यावर आलंय तो वाजवणार कसा? संकटात सापडलेल्याला फुंकर फुटत नाही रे. म्हणून ठीक आहे तोवरच वाजवायचं. माणूस गप्प झाला, की समजायचं काहीतरी बिघडलं."

हे खरं आहे ते एका सकाळी मीच बघितलं. नळांचा भारा खाली येत होता. खालच्याचा पाय तेलकट पत्र्यावरून घसरला आणि दोन तुळयांच्या फटीत गुडघ्यापर्यंत अडकला. तो उताणा पडला. मी तोंडातून निसटले. ओरडायला गेला, तर छातीत हवाच नव्हती. वर नळांचा भारा, खाली तो, आणि मध्ये मी दोरीला लोंबकळतेय. भारा थांबला. त्याच्या छातीपासून दीड हातावर थांबला आणि तिथेच डुलत राहिला. वरच्याला काहीही दिसलं नव्हतं, बरं का. मी गप्प झाले, एवढंच त्याला कळलं होतं.

वरचा शिडी उतरून धावत आला. पाय सोडवला, त्याला उठवून बसवलं आणि म्हणाला, "का रे खालच्या, गप्प का झालास?"

"जरा बसलो होतो," खालचा म्हणाला.

दोघंही हसले. मग चहा आला, तेव्हा वरच्याचा निम्मा चहा बशीतच सांडला. त्या दिवसापासून दोघांची मैत्री घट्ट झाली. दर गुरुवारी, सुटीच्या दिवशी, वरचा आमच्या घरी यायला लागला.

घरी खालच्याची बायको होती आणि एक मुलगी. मुलगी लहानपणी सारखी चिवचिवायची, म्हणून तिचं नाव चिमणी पडलं. तिला मी हवी असायची, पण तो देत नसे. "हे खेळणं नाही," म्हणायचा. मात्र तो स्वतः तिच्याशी एक खेळ खेळायचा. घरातल्या बोळात कपबशा मांडायच्या, तिच्या डोळ्यांवर पंचा बांधायचा आणि मला वाजवत तिला मधून चालवायचं. मी थांबले, की चिमणी एक पाय हवेत धरून जागच्या जागी थिजायची.

"शिट्टी बंद?" तो विचारायचा.

"हूक बंद," ती म्हणायची आणि तोल जाऊन बदकन बसायची. एकही कपबशी कधी फुटली नाही. आईनं मात्र खेळ संपेपर्यंत जीव मुठीत धरलेला असायचा.

पुढे यार्डात वॉकीटॉकी आले. त्यांच्यात माणसं बोलायची, भांडायची, जेवणाची वेळ विचारायची. खालचा आणि वरचा एकाच महिन्यात निवृत्त झाले. मी टेबलाच्या खणात पडले. तिथे संपलेले सेल होते, कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या किल्ल्या होत्या आणि एक काडी तुटलेला चष्मा होता. अळीमिळी गुपचिळी. त्याची बायको गेली तेव्हा घरात रडणं ऐकू आलं, चिमणीचं लग्न झालं तेव्हा हसणं ऐकू आलं, मला कुणी काढलं नाही. नऊ वर्षं मी तशीच होते.

मग त्याच्या गळ्यात गाठ झाली. ती काढताना आवाजाची नस दुखावली. डॉक्टर म्हणाले, येईल परत. आवाज परत आला नाही. राहिली ती नुसती कुजबुज. शेजारी बसलं तर ऐकू यायची, दाराशी उभं राहिलं तर नाही. गुडघे आधीच गेलेले, चालायला वॉकर लागायचा. चिमणीचा नवरा दूरच्या गावी नोकरीला होता, महिन्यातून दोनदा यायचा. तिनं बाबांना आपल्या दोन खोल्यांत आणलं. सामान भरताना खणात मी सापडले. तिनं मला राखेनं घासलं, नवी दोरी ओवली आणि स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात घातलं.

"बाबा, हाक मारता येत नाही ना? मग ही वाजवा. मी जिथे असेन तिथून येईन."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. नाही तर म्हाताऱ्या वस्तूला पुन्हा काम कोण देतो?

पाणी हवं असलं की एकदा, उठवून बसवायचं असलं की दोनदा. पण खरी गंमत पुढे होती. तो वॉकर धरून पलंगापासून मोरीपर्यंत जायला निघाला, की मला तोंडात धरायचा आणि चालता चालता वाजवत राहायचा. तुक, तुक, तुक. सावकाश, उतरवायच्या ओझ्याला वाजवायचा तशीच. पोचला की थांबायचा आणि एकदा लांब वाजवायचा. आता ओझं तो स्वतःच होता आणि स्वतःलाच जपून नेत होता. मी मधेच थांबले असते, तर काय समजायचं ते त्याच्या मते जगाला ठाऊकच होतं.

चिमणीला मात्र ते नुसतं छंदासारखं वाटलं. आणि तिची अडचण खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. ती घरातूनच काम करायची, फोनवर. पंखे, मिक्सर, पाणी तापवायची यंत्रं विकणाऱ्या एका कंपनीच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. बाहेरच्या खोलीत जेवायच्या टेबलावर संगणक, कानांवर ते फोनचं कडं, सकाळी दहा ते दोन आणि पुन्हा तीन ते सहा. प्रत्येक बोलणं ध्वनिमुद्रित व्हायचं. एका बाईनं विचारलं, "ताई, तिकडे मॅच चालू आहे का?" एका गृहस्थानं तक्रारच केली, की मी पंख्याबद्दल बोलत होतो आणि माझ्यावर शिट्ट्या मारल्या. दोनदा साहेबांचा फोन आला. तिसऱ्यांदा आला तेव्हा चिमणी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. नळाच्या आवाजात रडलेलं कुणाला कळत नाही असं तिला वाटायचं. मला कळलं, खालच्यालाही कळलं.

त्या संध्याकाळी ती त्याच्या पलंगावर येऊन बसली.

"बाबा, माझी नोकरी जाईल हो अशानं. मी कामावर असताना वाजवू नका ना. अगदीच गरज पडली तर वाजवा, तेव्हा मी येईनच. नाही वाजली म्हणजे सगळं ठीक आहे असं मी समजेन."

तो कुजबुजला, "उलटं आहे ते."

"काय उलटं?"

त्यानं सांगायला श्वास घेतला. तेवढ्यात बाहेर फोन वाजला. साहेबांचा असेल म्हणून ती घाईनं उठली. "नंतर सांगा हं," म्हणाली. नंतर स्वयंपाक होता, कपडे होते, नवऱ्याशी बोलणं होतं. ती विसरली. त्यानंही पुन्हा विषय काढला नाही. एवढंसं कुजबुजायला त्याला किती दम लागायचा ते मला माहीत होतं. शिवाय लेकीची नोकरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मला गळ्यातून काढलं आणि खिडकीच्या कडीला अडकवलं. "सवय वाईट," मला म्हणाला. "चुकून वाजशील." जणू चूक माझी असते. मला असा राग आला होता, पण सांगणार कशी.

तीन दिवस घर कसं शांत होतं. तो न वाजवता मोरीपर्यंत जायचा, न वाजवता यायचा. तहान लागली तरी दोन वाजायची वाट बघायचा. चिमणी खूष होती. तिनं त्याला आवडणारी बिस्किटं आणली आणि म्हणाली, "बाबा, किती शहाण्यासारखे राहता आता." तो हसला. मी खिडकीत लटकून हे बघत होते आणि माझ्या पोटातला मणी जड होत चालला होता.

चौथा दिवस गुरुवार होता.

दहा वाजून गेले होते. खिडकीखाली रस्त्यावर कुणीतरी फरशी कापायचं मशीन सुरू केलं. कर्कश आवाज. खालच्यानं दाराकडे बघितलं. बाहेरून चिमणीचा आवाज येत होता, ती कुणाला तरी पुन्हा पुन्हा सांगत होती, "माफ करा, जरा मोठ्यानं बोलता का?" तो उठला. लेकीला त्रास नको म्हणून खिडकी लावायला उठला. पाणी प्यायला उठला असता, तर मी कदाचित इतकी तळमळले नसते.

वॉकरचा पाय सतरंजीच्या दुमडलेल्या कडेत अडकला. तो पलंग आणि भिंत यांच्यामध्ये पडला, अगदी माझ्या खाली. कडाड असा एक आवाज झाला, तो वॉकरचा नव्हता.

त्यानं माझ्याकडे बघितलं. एक हात वर केला. वीतभर कमी पडला. पुन्हा केला, पुन्हा वीतभर. त्या हातानं मला छत्तीस वर्षं धरलं होतं आणि आता वीतभर कमी पडत होता. मी पितळेची. मला उडी मारता येत नाही, पडता येत नाही, दोरी घट्ट आणि कडी घट्ट. खिडकीतून वारा येत होता, मला वाटलं निदान वाऱ्यानं तरी एकदा माझ्यात शिरावं. वाऱ्याचं आणि फुंकरीचं कधी जमत नाही. तो "चिमणे" म्हणाला. मी एकटीनं ऐकलं. मग त्यानं बोटांच्या पेरांनी जमिनीवर ठोकलं, पण खाली मशीन होतं आणि तिच्या कानांवर ते कडं होतं.

बाहेर ती म्हणत होती, "तुमची तक्रार आम्ही नोंदवून घेतली आहे. तुमची गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत." काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं तेव्हा माझ्या मनात आलं. भांडकुदळच मी. नंतर मला त्याची लाज वाटली. मी वाजत नाही म्हणजे सगळं ठीक आहे, असं तिला मनापासून वाटत होतं. जगात सगळ्यांना वाटतं.

फरशी कापणारा मधेच थांबला, पुन्हा सुरू झाला. खालच्याचे ओठ कोरडे पडले. दीड तास गेला.

पावणेबाराला वरचा आला. गुरुवारी तो या घरीही यायचाच. दार लोटून आत आला. चिमणीनं बोट ओठांवर ठेवलं आणि खुर्ची दाखवली. तो खुर्चीपाशी गेला, पण बसला नाही. कान देऊन उभा राहिला.

"शिट्टी?" त्यानं हळूच विचारलं.

चिमणीनं फोनवर हात ठेवला. "आता नाही वाजवत, काका. ऐकतात माझं."

"कधीपासून बंद आहे?"

"झाले की चार दिवस."

वरच्यानं तिच्याकडे असं बघितलं, की उघड्या दारातून मी ते आतल्या खोलीतही ओळखलं. तो म्हणाला, "शिट्टी बंद, आणि तू चालूच?"

आणि तो आत आला. त्या वयाचा माणूस इतक्या चपळाईनं चाललेला मी दुसरा बघितला नाही. पलंगाच्या कडेनं वाकला, खाली बघितलं आणि गुडघे टेकून बसला.

"का रे खालच्या, गप्प का झालास?"

खालच्याच्या ओठांतून हवा आली, त्यात शब्द होते. "जरा बसलो होतो."

या वेळी कुणी हसलं नाही. चिमणी दारात उभी होती. फोनचं कडं तिच्या गळ्यात उतरलं होतं आणि त्यातून कुठलं तरी गिऱ्हाईक बारीक आवाजात विचारत होतं, हॅलो, ताई, आहात का.

कमरेचं हाड मोडलं होतं. दवाखान्यात मी वरच्याच्या खिशात होते. जाता जाता त्यानंच मला कडीवरून काढलं होतं. ऑपरेशन चालू असताना बाकावर बसून वरच्यानं चिमणीला यार्डातली गोष्ट सांगितली, दीड हातावर थांबलेला भारा, सगळं. तिला वाटलं असेल तो रागावला आहे. तो रागावला नव्हता. त्याला फक्त नियम सांगायचा होता.

"ठीक आहे तोवर वाजवायची असते गं, चिमणे. म्हणून तो चालताना वाजवायचा."

"मला माहीत होतं, काका," ती म्हणाली. "डोळे बांधून शिकवलं होतं त्यांनी मला. ते म्हणालेसुद्धा, उलटं आहे म्हणून. मी फोन घ्यायला उठले." आणि मग ती रडली, या वेळी नळ न सोडता.

तीन आठवड्यांनी तो घरी आला, तो पुन्हा उठण्यासाठी नाही. चिमणीनं साहेबांना स्पष्ट सांगितलं, घरात वडील आहेत, ते शिट्टी वाजवणार, ती बंद होणार नाही. साहेबांनी तिला फोनवरून काढून लेखी तक्रारींना उत्तरं द्यायला बसवलं. त्या कामात पुढे जायची वाट नव्हती, तरी ती बसली. मी पुन्हा खालच्याच्या छातीवर होते. थोड्या थोड्या वेळानं तो एक फुंकर घालायचा. तुक. बाहेरून चिमणी म्हणायची, "चालू." यार्डात वरचा असाच ओरडायचा. दिवसभर एवढंच बोलणं. तुक. चालू. तुक. चालू.

मी फुंकरीवर जगते, म्हणून श्वासाचं मला सगळ्यांच्या आधी कळतं. रोज थोडी कमी हवा यायला लागली. मणी पूर्वी गरगर फिरायचा, आता नुसता हलायचा. छातीत कफ धरला होता. मला सांगायचं होतं, पण श्वासाबद्दल सांगायला श्वासच लागतो.

एका दुपारी फुंकर अर्ध्यावर तुटली. पुढची यायच्या आधीच चिमणी दारात होती. संगणक तसाच, वाक्य अर्धं लिहिलेलं. ती येऊन बसली आणि तिनं त्याचा हात हातात घेतला.

त्यानं डोळे उघडले. "थांबलीस?" कुजबुजला.

"हो बाबा. थांबले."

संध्याकाळपर्यंत तिनं हात सोडला नाही. वरचाही येऊन पायाशी बसला. दिवे लागायच्या सुमाराला खालचा गेला. मी त्याच्या छातीवर होते. छाती खाली गेली आणि वर आली नाही, त्यामुळे ते सगळ्यांत आधी मला कळलं.

चिमणी अजून स्वतःला माफ करत नाही. सगळे सांगतात, वय झालं होतं, पडायचंच होतं, आज ना उद्या. ती मान हलवते. रात्री जेवताना मधेच घास हातात धरून थांबते, तेव्हा ती त्या दीड तासात असते. त्यातून तिला कुणी बाहेर काढू शकत नाही, मी तर नाहीच नाही.

महिन्याभरानं तिनं मला वरच्याला दिलं. तो दोन गल्ल्या पलीकडे तिसऱ्या मजल्यावर एकटा राहतो. जन्मभर त्यानं मला ऐकलं होतं, वाजवलं कधीच नव्हतं. पहिल्यांदा फुंकलं तेव्हा नुसतं फुस्स झालं आणि माझ्यात थुंकी भरली. "चाळीस फुटांवर बसून आयतं ऐकायची सवय," तो मला म्हणाला, "खालच्याचं काम कठीण होतं म्हणायचं." आता रोज सकाळी नऊला, काम सुरू करायच्या आधी, चिमणीचा फोन येतो. तो हॅलो म्हणत नाही. मला दोनदा वाजवतो. ती "चालू" म्हणते आणि फोन ठेवते. तो स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकतो.

परवा नऊला फोन वाजला आणि वाजतच राहिला. तो मोरीत होता, नळ सोडलेला, त्याला ऐकू गेलं नाही. मी खुंटीला होते. फोन बंद पडला, पुन्हा वाजला, बंद पडला. मग काही नाही. नऊ वाजून दहा-बारा मिनिटांनी दारावर धाडधाड थापा. त्यानं पंचा गुंडाळून दार उघडलं, कानांत साबण तसाच. बाहेर चिमणी उभी होती. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्या पायात नवऱ्याची.

"अगं, अंघोळ करत होतो," तो म्हणाला.

ती जिन्याच्या पायरीवर बसली आणि तोंड झाकून घेतलं. वरचा ओल्या पायांनी आत आला, मला खुंटीवरून काढलं, बाहेर जाऊन तिच्यासमोर उभा राहिला आणि दोनदा वाजवलं. पाण्यानं माझा आवाज घोगरा आला.

"चालू," ती म्हणाली.

त्याची फुंकर कशी आहे ते मला माहीत आहे. जिना चढला की त्याच्या छातीत हल्ली माझ्याच जातीचा आवाज येतो. किती दिवस ते मी सांगणार नाही. पण ज्या दिवशी मी वाजणार नाही, त्या दिवशी चिमणी निघेल. अंदाज बांधत बसणार नाही, दोन वाजायची वाट बघणार नाही.

तुम्हाला एकच सांगायचं होतं. ओरडणाऱ्याकडे सगळे धावतात, त्यासाठी माझी गरज नाही. तुमच्या घरात कुणीतरी असेल, शहाण्यासारखं गप्प राहणारं, कसला त्रास न देणारं. आतल्या खोलीतून बराच वेळ काही ऐकू आलं नसेल. हातातलं काम तसंच ठेवा आणि एकदा बघून या.

मी इथेच आहे, खुंटीला, मोरीच्या दाराशेजारी. अंघोळीला जाताना तो आता मला आत घेऊन जातो. उद्या नऊला फोन वाजेल.